दादाच्या दारूचा उपचार आणि योजनेचं कार्ड

दारू सोडवायचा उपचार सरकारी योजनेत बसतो का, या प्रश्नाला मला प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, म्हणाला, नाही बसत. खासगी केंद्रवाला म्हणाला बसतो, पण आधी पैसे भरा. चुलते म्हणाले, असल्या दुखण्याला सरकार कशाला पैसे देईल. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातल्या मॅडमनी मात्र मलाच उलट विचारलं, "कुठल्या उपचाराबद्दल विचारताय? अंगातली दारू उतरवायच्या, का परत घेऊ नये म्हणून करायच्या?" हे दोन वेगळे उपचार आहेत आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात, हे तोवर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. सांगलीकडच्या एमआयडीसीत लेथवर होता आणि हाताला इतकी सफाई की मालक अवघड जॉब त्याच्याकडंच द्यायचे. मग दारू वाढली, खाडे वाढले, नोकरी सुटली. त्यापुढची कहाणी मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांना ती पाठ आहे. घर चाललं ते वहिनींच्या रोजावर. त्या बेदाणा निवडायला जातात.

उपचाराची सुरुवात झाली ती पोटदुखीनं. एका पहाटे दादाच्या पोटात कळ आली, ती थेट पाठीत जात होती आणि त्याला सरळ झोपवत नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं रक्तात लायपेज नावाचं स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य वाढलेलं निघालं. स्वादुपिंडाला सूज होती आणि कारण दारूच. दवाखाना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतला होता. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुधा दारातच. रेशनकार्ड आणि आधार त्याच्यापुढं ठेवायचं, तो कॉम्प्युटरवर बघतो आणि दवाखाना मंजुरी मागतो.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेली. आमचं कार्ड केशरी, म्हणजे तशी अडचण नव्हती. अडचण निघाली ती वेगळीच. वडिलांच्या कार्डातून विभक्त होताना दादाचं नाव जुन्या कार्डातून कमी झालं होतं, पण नव्या बारा अंकी नंबरावर ते चढलंच नव्हतं. हातातल्या कार्डावर नाव आहे, ऑनलाइन नाही. आणीबाणी म्हणून दवाखान्यानं फोनवरून मंजुरी घेतली, उपचार सुरू केले आणि कागद मागाहून द्यायला सांगितले. मी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन बसले. आजारपण येण्याआधीच ऑनलाइन नोंद बघून घ्या, असं मी आता भेटेल त्याला सांगते. घरात पिणारा माणूस असेल तर नक्कीच बघा. त्याचं नाव कार्डावर आहे की नाही, हे तो स्वतः कधी बघणार नाही.

भरतीच्या वेळी वहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. "वन्सं, दारूचं सांगू नका हो. केसपेपरवर आलं तर योजना रद्द करतील." त्यांची भीती मला कळत होती. पण डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं: रोज देशी, दोन क्वार्टर, कधी तीन, आणि शेवटची काल रात्री. डॉक्टर म्हणाले, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. ही दारू आता एकदम तुटली आहे. पुढचे तीन-चार दिवस पोटापेक्षा मला त्याचीच काळजी आहे." मंजुरी स्वादुपिंडाच्या आजाराची होती, ती आली. दारूचा उल्लेख कागदावर असूनही आली.

डॉक्टरांची काळजी किती खरी होती, ते पुढं दिसलं. आधी हात थरथरायला लागले, चहाचा कप धरवेना. मग घाम. आणि एका रात्री दादा चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. "मुंग्या बघ की केवढ्या," म्हणायचा, चिमटीत काहीतरी धरायचा आणि माझ्या तळहातावर आणून ठेवायचा. तळहातावर काहीच नसायचं. मी हात पुढं करत राहिले, कारण हात मागं घेतला की तो चिडायचा. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, लोराझेपामचा डोस वाढवला. थायमिनची इंजेक्शनं पहिल्या दिवसापासून चालू होती, ग्लुकोज लावायच्या आधीपासून. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात हे बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं आणि ते न भरता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी हेही सांगितलं की दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

आमच्याकडं सर्रास सांगतात, "चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटती." माझ्या डोळ्यांपुढं ती रात्र येते आणि मी त्या माणसाला तिथंच थांबवते. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून सोडवू नका. सोडवायची ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली.

डिस्चार्जच्या दिवशी बिल शून्य होतं. दहा दिवसांची औषधंही योजनेतून मिळाली. मी डॉक्टरांना विचारलं, "आता दारू सुटायचं काय?" ते म्हणाले, "ते या ॲडमिशनमध्ये येत नाही. मानसोपचारवाल्यांना दाखवा, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा." आरोग्यमित्राला विचारलं. त्यानं दवाखान्याची यादी बघितली आणि मान हलवली. स्वादुपिंडाला सूज आली की योजना होती. पुढं कधी अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली असती, तरी योजना होती. या सगळ्याचं मूळ ती दारू, आणि ती सोडवायची म्हटलं की त्या टेबलावर कागदच नव्हता. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही. बिघडलेल्या अवयवाला लाखांत पैसे आणि मुळाला काही नाही, यात पैशाचं गणितसुद्धा बसत नाही. तोच माणूस सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यात त्याच दुखण्यानं येणार असतो.

घरी आल्यावर प्रत्येक पाहुण्याकडं एक एक उपाय होता. चुलतभाऊ म्हणाला, दादाच्या नावानं एक मेडिक्लेम काढू. मी पॉलिसीची कागदपत्रं मागवून वाचली. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या वगळण्याच्या यादीत बाराव्या क्रमांकाला दारू, अमली पदार्थ आणि कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम आहेत. हेच कलम जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत दिसतं. दुसरीकडं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि नशेच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजार म्हणतो, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असंही म्हणतो. ही दोन्ही वाक्यं मी एकाच संध्याकाळी वाचली. ती एकमेकांशी कशी जुळवायची, ते जाणकारांनी सांगावं. आमच्यापुरता तो रस्ता बंद होता.

मग ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. दादा कामाला होता तेव्हा पगारातून ईएसआय कापला जायचा. पण नोकरी सुटून वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळं तेही संपलं होतं. ज्यांच्या माणसाची नोकरी अलीकडंच सुटली आहे त्यांनी मात्र हे जरूर तपासा, कारण नोकरी सुटली त्याच दिवशी ईएसआय बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असेल, तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत असतो. ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्याचा लाभ जुलै ते डिसेंबर. पिणारा माणूस नोकरी गमावतो आणि घरच्यांना वाटतं की सगळंच गेलं. तेव्हाच हातात काही महिने असतात.

सगळ्यात जास्त सांभाळून राहायला हवं होतं ते पुढच्या टप्प्यावर. गावात एसटी स्टँडजवळ एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा फलक होता, त्यावर "शासकीय योजना लागू" असं लिहिलेलं. मी फोन केला. पलीकडच्या माणसानं दादाचं वय विचारलं, किती पितो विचारलं आणि लगेच म्हणाला, "काळजी करू नका. गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून आणतील. तुम्ही फक्त दार उघडा."

"योजनेत आहात ना?"

"आहे की, मॅडम. तुम्ही महिन्याचे पंधरा हजार भरा, क्लेमचं नंतर बघू."

तिथंच मला शंका आली. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, दोन्ही बिनपैशाच्या आहेत. रुग्णानं आधी भरायचे आणि नंतर परत मिळवायचे, असा प्रकार त्यात नाही. मी त्याला विचारलं, दवाखाना पॅनलवर कुठल्या नावानं आहे. तो म्हणाला, ते साहेब बघतात. मी विचारलं, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का. फोन ठेवला गेला. मग मी योजनेच्या १५५३८८ या नंबरला फोन करून जिल्ह्यातल्या दवाखान्यांची यादी विचारली. त्यात ते केंद्र नव्हतं.

उचलून नेणं हा प्रकार आमच्या भागात इतका चालतो की लोकांना तो उपचाराचाच भाग वाटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा तसं म्हणत नाही. रुग्ण स्वतःच्या संमतीनं भरती होतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर घरच्यांच्या अर्जावर दोन तज्ज्ञ त्याला स्वतंत्रपणे तपासतात आणि मगच ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. रुग्णाला त्याविरुद्ध त्याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं दाद मागता येते. चार पोरं आणि एक सुमो, याला कुठल्याच कलमात जागा नाही. वहिनी मात्र एका क्षणी तयार झाल्या होत्या. "नेऊ देत की, वन्सं. निदान रात्री झोप तरी लागेल," म्हणाल्या. त्यांना मी काय बोलणार? इतक्या वर्षांत त्या बाईला कुणी झोपू दिलं नव्हतं.

शेवटी आम्ही सिव्हिलला गेलो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, त्यामुळं तिथं कार्डाचा प्रश्नच आला नाही. फक्त एक लक्षात ठेवा: मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडं आहेत, तिथं हा नियम तसाच लागू नाही, तिथं योजनेचं कार्ड जवळ ठेवा. मानसोपचाराची ओपीडी ठरावीक वारी असते, ती आधी फोन करून विचारा.

दादा यायला तयार झाला तो झोपेच्या नावावर. "दारूचं काही नाही, मला झोप लागत नाही, तेवढं दाखवतो," असं म्हणाला. मॅडमनी आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. दार अर्धं उघडं होतं. पहिला प्रश्न झोपेचाच होता. किती वाजता जाग येते, जाग आल्यावर काय करता, हात कधी कापतात. दारू हा शब्द त्यांनी आधी काढला नाही, तो दादानंच काढला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "भरती व्हायला सांगतायत. तू येशील ना बघायला?"

मग मॅडमनी मला बसवून सगळं उलगडून सांगितलं. अंगातली दारू उतरवायची, थरथर आणि फिट सांभाळायची, ती भरती सरकारी रुग्णालयात होते. आयुष्मान भारतच्या मानसिक आजारांच्या पॅकेजमध्ये व्यसनांमुळं होणारे मानसिक आणि वर्तनाचे आजार आहेत, ते सरकारी रुग्णालयासाठी. म्हणजे कार्ड असो नसो, सिव्हिलमध्ये त्याला पैसे पडत नाहीत. पण महिना-दोन महिने केंद्रात राहून समुपदेशन, गटचर्चा, दिनक्रम, घरच्यांच्या बैठका, ज्याला पुनर्वसन म्हणतात, ते आयुष्मानमध्ये वगळलेल्या गोष्टींत आहे. ओपीडीही वगळलेली आहे. आरोग्यमित्र खोटं बोलत नव्हता. तो त्याच्या यादीपुरतं खरं बोलत होता.

"मग पुनर्वसनाचं काय करायचं?" मी विचारलं.

"ते विम्यात शोधू नका, अनुदानात शोधा," मॅडम म्हणाल्या. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था व्यसनींसाठी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं चालवतात. कागदोपत्री त्यांना आयआरसीए म्हणतात. काही सरकारी रुग्णालयांत त्याच मंत्रालयाच्या पैशातून एटीएफ नावाची व्यसनोपचाराची सोय केलेली आहे. तिथं कार्ड लागत नाही, मंजुरी लागत नाही, पॅकेज बघावं लागत नाही. त्याची माहिती १४४४६ या नंबरवर मिळते, तो व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहे. आरोग्य विभागाकडं ही केंद्रं नाहीत, त्यामुळं आरोग्य योजनेच्या टेबलावर त्यांची नावं सापडत नाहीत. दोन खात्यांच्या मधल्या या फटीत किती घरं अडकून पडत असतील! योजनेतल्या प्रत्येक आरोग्यमित्राच्या टेबलावर १४४४६ हा एवढा नंबर चिकटवला, तर सरकारचा एक रुपया खर्च होणार नाही आणि आमच्यासारख्यांचे महिने वाचतील. हे मी त्या दवाखान्यात लेखी देऊन आले आहे.

१४४४६ ला फोन लावला तेव्हा मी वही घेऊनच बसले होते. त्यांनी जिल्हा विचारला, वय विचारलं, कशाचं व्यसन, दुसरा काही आजार आहे का. मी विचारलं: खाट आहे का, अनुदानाची आहे का, जेवणाचे पैसे पडतात का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जे केंद्र घरच्यांना भेटूच देत नाही, फोनही लावून देत नाही, तिथं आपलं माणूस ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला मिळालेलं केंद्र शेजारच्या जिल्ह्यातलं, पंधरा खाटांचं. खाट लगेच नव्हती.

वाट बघण्याचे ते आठवडे फार नाजूक असतात. माणूस हो म्हणालेला असतो आणि जागा नसते, तेवढ्यात तो नाही म्हणू शकतो. सिव्हिलमध्ये भरती करून शरीर सावरलं होतं, गोळ्या चालू होत्या. पण संध्याकाळ आली की दादा दाराकडं बघायचा. मॅडमनी एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जायला सांगितलं. तालुक्याच्या गावी एका शाळेच्या वर्गात ती मीटिंग भरते. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. दादा पहिल्यांदा बाहेरच्या कट्ट्यावरच बसून परत आला. पुढच्या वेळी आत गेला. रात्री-अपरात्री घालमेल व्हायला लागली की टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायचा. तो नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्याला ते कसं वाटलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण मोबाइलवर तो नंबर त्यानं सगळ्यात वर ठेवला आहे.

केंद्रात घेताना आधार, फोटो, सिव्हिलचे कागद, लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट आणि दादाची स्वतःची सही लागली. खाट, जेवण, औषधं, समुपदेशन यांचे पैसे घेतले नाहीत. कपडे, साबण, टॉवेल घरून. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं नाव निघालं की आधी पुण्याचं मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. तिथला मुक्कामाचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे, हे आमच्याही कानावर होतं, म्हणून आठ-दहा दिवसांत माणूस "बरा होऊन" येईल अशी आशा आम्ही ठेवली नव्हती. आमचं केंद्र लहान होतं, पण दिवस तसाच बांधलेला. पहाटे उठणं, झाडलोट, योगासनं, गट, लिहिणं. दादानं आयुष्यात पत्र लिहिलं नव्हतं. तिथून त्यानं वहिनींना पानभर लिहिलं. त्यात काय होतं ते वहिनींनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरच्यांच्या बैठकीला वहिनींना जावं लागायचं. ज्या दिवशी जायचं त्या दिवशीचा बेदाण्याचा रोज बुडायचा, एसटीचं भाडं वेगळं. हा खर्च कुठल्याच योजनेत धरलेला नाही आणि गरीब घर इथंच मोडतं, हे मला जवळून दिसलं. माझ्या धाकट्या भावानं आणि मी ते पैसे वाटून घेतले. जमत असेल तर नातेवाइकांनी सल्ल्याऐवजी एवढं करावं.

परत आल्यावरचा उपचार सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी पैशाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतं, दादा तिथं दाखवतो. ओढ कमी करणारी गोळी तिथं कधी असते, कधी नसते. नसली की चिठ्ठी घेऊन जनऔषधीत बघायचं. दारू घेतली तर त्रास होईल, अशीही एक गोळी असते, डायसल्फिराम. ती मॅडमनी दादाला समजावून, लिव्हरचा रिपोर्ट बघून, त्याच्या संमतीनंच द्यायची की नाही ते ठरवलं. हे मुद्दाम लिहिते, कारण चहातून, भाजीतून, न सांगता देण्याच्या पुड्या आमच्याकडं बाजारात विकतात आणि हताश झालेल्या बायका त्या घेतात. ही गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. नवऱ्याला न सांगता काहीही घालू नका. तुम्ही दोषी नाही, पण जीव त्याचा आहे.

मधे एकदा दादा घसरला. गावच्या जत्रेत. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पथकाच्या डॉक्टरांकडं गेला आणि सांगितलं. घरात त्या वेळी आरडाओरडा झाला नाही, हे केंद्रातल्या बैठकांचं श्रेय. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मीटिंग वाढवल्या, पुन्हा भरतीची गरज पडली नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात लिहिलं आहे की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांतल्या एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेतलेला माणूस १८० मधला एक. दादा त्या एकशेऐंशीतला एक झाला. त्यात नशिबाचा वाटा आहे, वहिनींच्या चिवटपणाचा आहे आणि त्या मॅडमच्या एका प्रश्नाचा आहे. बाकीचे एकशे एकोणऐंशी आमच्याच गल्लीत, आमच्याच वाड्या-वस्त्यांवर आहेत. त्यांच्या घरच्यांकडं योजनेचं कार्ड आहे. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही की कार्ड कुठवर जातं आणि तिथून पुढं कुणाला फोन करायचा.

गेल्या महिन्यात दादा कामाला लागला. जुन्या मालकानं नाही, दुसऱ्या लहान वर्कशॉपनं घेतलं, पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे ईएसआय लागू. मालकाचे ३.२५ टक्के, दादाचे ०.७५. त्याचा जुनाच विमा नंबर परत चालू झाला. औषधोपचाराचा हक्क कामाला लागल्या दिवसापासून, त्याला आणि वहिनी-पोरांनाही. ईएसआयच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी असतात आणि दादाची ती गोळी तिथून कायम मिळेल का, हे विचारायला वहिनी आणि मी सोमवारी जाणार आहोत. सिव्हिलचे सगळे कागद झेरॉक्स करून ठेवलेत.